हिरव्या वर्तुळाबाहेरचे शब्द : स्टारबक्सचे बोधचिन्ह आणि कर्जत-खालापूरचा न सांगितलेला इतिहास

१/
समाजमाध्यमांवर अधूनमधून एक चित्रपट्टी फिरत असते. चार वर्तुळे आणि त्यांच्यामध्ये बाण. पहिले १९७१ चे तपकिरी, दुसरे १९८७ चे हिरवे, तिसऱ्यात १९९२ ची जवळून दाखवलेली जलकन्या आणि चौथ्यात २०११ ची, एकही अक्षर सोबत नसलेली तीच जलकन्या. खाली ओळ असते : स्टारबक्सचा लोगो असा 'उत्क्रांत' झाला. हजारो जण ती पट्टी इतिहास म्हणून वाचतात आणि पुढे पाठवतात. तिच्यात इतिहास फारच थोडा आहे, आणि जो आहे तो कंपनीने स्वतःविषयी सांगितलेला आहे.

२/
'उत्क्रांती' या शब्दापासूनच गफलत सुरू होते. निसर्गातील उत्क्रांतीमागे कोणाचाही ठराव नसतो. बोधचिन्हाच्या प्रत्येक बदलामागे मात्र ठराव असतो, तारीख असते आणि बहुधा एखादा व्यवहार असतो. 'उत्क्रांत झाला' असे म्हटले की निर्णय घेणारा माणूस दिसेनासा होतो आणि बदल जणू आपोआप, अटळपणे, चांगल्याकडे घडत गेला असे वाटू लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न 'कोणी बदलले?' हा विचारायचा असतो.

३/
आरंभकथेपासून सुरुवात करू. १९७१ साली सिएटल शहरात जेरी बाल्डविन, झेव्ह सीगल आणि गॉर्डन बोकर या तिघांनी दुकान काढले. चिन्ह रेखाटले टेरी हेकलर यांनी. दोन शेपट्यांची, मुकुट घातलेली, उघड्या अंगाची जलकन्या. भोवती कंपनीचे नाव आणि 'कॉफी, टी, स्पायसेस' हे शब्द. ही आकृती 'सोळाव्या शतकातील नॉर्स लाकडी ठशाच्या चित्रा'वरून घेतल्याचे कंपनी सांगत आली. चित्रपट्टीखालीही हेच वाक्य असते. ते तपासून कोणी पाहत नाही.

४/
तपासले तर ते टिकत नाही. 'नॉर्स' ही संज्ञा मध्ययुगीन स्कँडिनेव्हियासाठी, व्हायकिंग काळ आणि त्याच्या लगतच्या शतकांसाठी वापरली जाते. त्या प्रदेशात छपाई पोहोचली ती १४८२ साली, डेन्मार्कमधील ओडेन्स येथे, आणि तीही एका जर्मन मुद्रकाकडून. 'सोळाव्या शतकातील नॉर्स छापचित्र' हे म्हणजे 'पेशवेकालीन सातवाहन नाणे' म्हणण्यासारखे झाले. दोन काळ एकमेकांना चिकटवून प्राचीनतेचा मुलामा दिलेला आहे.

५/
कंपनीच्या मूळ आकृतीशी सर्वाधिक जुळणारे चित्र हुआन एदुआर्दो सिर्लोट यांच्या प्रतीककोशात सापडते. त्या कोशाचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली, म्हणजे दुकान निघण्याच्या नऊ वर्षे आधी, प्रसिद्ध झाला होता. ते चित्र पंधराव्या शतकातील आहे. त्या परंपरेमागे मेल्युसिनची कथा आहे. फ्रान्समध्ये ज्याँ द'आरास याने ती १३९३ च्या सुमारास लिहिली. १४५६ साली थ्युरिंग फॉन रिंगोल्टिंगेन याने ती जर्मनमध्ये आणली, आणि पुढे छापखान्यांनी ती घरोघरी नेली.

६/
दोन शेपट्यांची जलकन्या त्याहूनही जुनी आहे. इटली आणि फ्रान्समधील बाराव्या शतकातील चर्चच्या स्तंभशीर्षांवर ती कोरलेली आढळते. दक्षिण इटलीतील ओत्रांतोच्या कॅथीड्रलमध्ये ११६३ ते ११६५ या काळात घडवलेल्या जमिनीवरील कुट्टिमचित्रातही ती आहे. म्हणजे खरा वारसा 'नॉर्स' या एका शब्दापेक्षा कितीतरी समृद्ध आहे. तरीही खोटी वंशावळ टिकली, कारण ती छोटी आहे, समुद्री आहे आणि कपावर छापायला सोयीची आहे.

७/
नावाचीही तीच गत. 'मोबी डिक या १८५१ च्या कादंबरीतील स्टारबक या खलाशावरून नाव ठेवले' हे अर्धसत्य आहे. बोकर यांनी पुढे सांगितलेली हकिगत साधी आहे. 'स्ट'ने सुरू होणारे शब्द जोरकस वाटतात असे जाहिरात व्यवसायातील त्यांच्या सहकाऱ्याचे मत होते. म्हणून तशा शब्दांची यादी केली गेली. जुन्या खाणवस्त्यांच्या एका नकाशावर 'स्टारबो' हे नाव दिसले आणि त्यावरून कादंबरीतील स्टारबक आठवला. आधी ध्वनी, मग नकाशा आणि शेवटी साहित्य. सांगताना हा क्रम उलटा केला गेला.

८/
एका बाजूला कंपनीची सजवलेली कथा, तर दुसऱ्या बाजूला तिच्या विरोधकांच्या कल्पना. ही आकृती म्हणजे सैतानी चिन्ह, हे समाजमाध्यमांवरील जुने पालुपद आहे. २००९ साली एका इजिप्शियन धर्मोपदेशकाने ती बायबलमधील एस्तेर राणी असल्याचा दावा केला होता. दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. चित्राच्या आत काहीतरी गूढ अर्थ दडलेला आहे असे दोघेही गृहीत धरतात. चित्राभोवतीचे शब्द वाचण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. हे शब्द मात्र उघड्यावर आहेत आणि त्यांची नोंद ताळेबंदाशी जुळते.

९/
१९८७ पाहा. हॉवर्ड शुल्ट्झ पूर्वी याच कंपनीत नोकरीला होते. बाहेर पडून त्यांनी 'इल जोर्नाले' नावाची स्वतःची कॉफीगृहे काढली होती. त्यांचे चिन्ह हिरवे होते आणि त्यात मर्क्युरी या रोमन देवाचे मस्तक होते. १९८७ साली त्यांनी ३८ लाख डॉलरला स्टारबक्स विकत घेतली. नव्या चिन्हात जलकन्या आणि नाव राहिले विकल्या गेलेल्या कंपनीचे, आणि हिरवा रंग आला विकत घेणाऱ्याचा. तो हिरवा रंग खरेदीखतावरच्या सहीसारखा आहे. चित्रपट्टीत मात्र 'ताजेपणासाठी हिरवा' एवढेच लिहिलेले असते.

१०/
त्याच वेळी 'टी' आणि 'स्पायसेस' हे शब्द गळाले. मूळ दुकान भाजलेल्या बिया, चहा आणि मसाले विकणारे होते. पेल्यातून कॉफी विकणे हा त्याचा धंदा नव्हता. वाण्याचे दुकान जाऊन उपाहारगृह आले, ही त्या कंपनीच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना त्या दोन शब्दांच्या अनुपस्थितीत नोंदली गेली आहे. १९९२ साली कंपनीने भांडवलबाजारात समभाग आणले. त्याच वर्षी जलकन्या जवळ ओढली गेली, तिची बेंबी दिसेनाशी झाली आणि शेपट्या कडेला उरल्या. चर्चा मात्र सगळी बेंबीची होते.

११/
२०११ साली, चाळिसाव्या वर्षी, उरलेले शब्दही काढले गेले. 'स्टारबक्स' गेले आणि 'कॉफी'ही गेली. कॉफीपलीकडची उत्पादने विकण्याची मोकळीक हवी, हे कारण शुल्ट्झ यांनी तेव्हा उघडपणे सांगितले होते. चेहरा किंचित असमान ठेवला, नाकाची सावली एका बाजूला अधिक लांब केली, हे तपशील रसिकांना तोंडपाठ आहेत. नाकाच्या सावलीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात आणि विक्रीच्या धोरणावर एक ओळही नसते. याला सौंदर्यास्वाद म्हणावे. इतिहास म्हणू नये.

१२/
शब्द काढले म्हणजे शब्दांवरील हक्क सोडला, असेही नाही. दिल्लीत 'सरदारबक्ष' नावाचे कॉफीगृह निघाले; त्याच्या चिन्हात वर्तुळ होते आणि वर्तुळात पगडीधारी चेहरा. स्टारबक्स न्यायालयात गेली आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात त्या व्यवसायाला नाव बदलून 'सरदारजी-बक्ष' करणे मान्य करावे लागले. आपल्या पाटीवरून स्वतःचे नाव उतरवणारी कंपनी दुसऱ्याच्या पाटीवरील त्या नावाच्या छायेलाही आक्षेप घेते. 'शब्दांची गरज उरली नाही' या विधानाचा खरा अर्थ यातून कळतो. शब्द इतका पक्का झाला आहे की तो लिहावा लागत नाही.

१३/
आता चित्रपट्टीत कधीही न येणारे पाचवे चित्र. जगभर शब्द उतरवल्यानंतर पुढच्याच वर्षी भारतात शब्द परत आले. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळच्या एल्फिन्स्टन इमारतीत देशातील पहिले दुकान उघडले. ते निम्म्या-निम्म्या भागीदारीचे होते आणि जलकन्येसोबत लिहिले होते : 'स्टारबक्स कॉफी, अ टाटा अलायन्स'. ज्या 'कॉफी'ला अमेरिकेत निरोप दिला गेला ती इथे परतली आणि तिच्यासोबत एक नवे नाव आले. बाणांची सरळ रेषा इथे मोडते.

१४/
हे नाव का हवे होते? बिया टाटा कॉफीच्या, ती भाजण्याची सोय कोडगूमध्ये, जागा आणि ओळखीपाळखी इथल्या; हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. भारतीय ग्राहकाच्या मनात सिएटलच्या जलकन्येला इतिहास नव्हता. तो उसना घ्यावा लागला. 'टाटा' या दोन अक्षरांत शंभर वर्षांचा विश्वास साठलेला होता आणि तो पाटीवर लावण्यात आला. मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे : हा साठा कुठे आणि कशातून जमला?

१५/
त्याच्या उत्तरातील मोठा भाग कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आहे. लोणावळा परिसरात पावसाचे पाणी अडवायचे, ते नळांतून घाटाखाली सोडायचे आणि त्या दाबावर वीज करायची, या योजनेसाठी १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. १९१५ साली खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. ही वीज सर्वप्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र आले. मुंबईचा जो झगमगाट 'टाटा' या नावाशी जोडला गेला, त्याची सुरुवात या घाटपायथ्याशी झाली.

१६/
त्या झगमगाटाची किंमतही याच डोंगररांगेत मोजली गेली. मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि ते पाणी आजच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे वीज करण्यासाठी उतरले. धरणग्रस्त हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. कॉफीच्या पेल्यावर ती येणे शक्यच नाही.

१७/
१९४२ चा अध्याय तर थेट कर्जतचा. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे उच्चदाबाचे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. युद्धकाळातील मुंबईची यंत्रे थांबवण्याचा मार्ग या तालुक्यातील रानातून जातो, हे त्यांनी ओळखले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. विजेच्या मनोऱ्याचा अर्थ इथे गिरणीमालकासाठी एक आणि दस्त्यासाठी दुसरा होता.

१८/
एक आक्षेप लगेच येईल : वीज करणारी कंपनी वेगळी, कॉफीची भागीदार कंपनी वेगळी, दोन्हींची सरमिसळ कशाला? कायद्याच्या दृष्टीने आक्षेप बिनचूक आहे. मात्र पाटीवर कायदेशीर कंपनीचे पूर्ण नाव लिहिलेले नव्हते. तिथे फक्त 'टाटा' होते. सगळ्या कंपन्यांचे पुण्य एकत्र वापरता यावे म्हणूनच असे समूहनाव वापरले जाते. पुण्य एकत्र मोजायचे आणि इतिहास मात्र कंपनीनिहाय वेगळा काढायचा, हा हिशेब एकतर्फी आहे.

१९/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : या प्रकल्पांनी तालुक्याला काहीच दिले नाही का? दिले आहे. खोपोलीच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेला मिळते आणि नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत जाते, आणि त्यावरच्या राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतकऱ्यांना उन्हाळी भाताचे पीक दिले. हे नाकारणारा लेखक इतिहासकार ठरणार नाही. म्हणूनच ही कथा पूर्ण सांगायला हवी. गिरणी, सत्याग्रह, मनोरा आणि कालवा या चारही गोष्टी एकाच पाण्याच्या आहेत. त्यांतील एकच निवडून तिचा 'विश्वास' बनवणे ही जाहिरात झाली.

२०/
चित्र आणि नाव यांचे नाते कसे असू शकते, याचा सुंदर नमुनाही कर्जत तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका यक्षमूर्तीचा भग्न अवशेष आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत छोटा लेख : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. मूर्ती बरीचशी नष्ट झाली, पण घडवणाऱ्याचे आणि त्याच्या गुरूचे नाव दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. सिएटलची जलकन्या जगभर झळकते आणि टेरी हेकलर हे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असते.

२१/
पाटीवरील अक्षरांचा प्रश्न महाराष्ट्रात नुकताच चर्चेत होता. २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरीतील नाव ठळक आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेले असे बंधनकारक केले; सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. शब्दहीन चिन्हाला कोणतीच लिपी नसते. त्यावर कोणत्याही भाषेचा हक्क सांगता येत नाही आणि त्याला कोणत्याही गावाचे उत्तर द्यावे लागत नाही. नाव लिहिणे भाग पाडले की ते कोणाचे, कुठले, कधीपासूनचे, हे प्रश्न विचारता येतात. पाटीवरील देवनागरीचा हा एक ऐतिहासिक लाभ आहे.

२२/
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या लाखोंसाठी खालापूर म्हणजे टोलनाका आणि फूड मॉल. कर्जत म्हणजे शनिवार-रविवारचे फार्महाऊस, किंवा रेल्वेने जाणाऱ्यांसाठी दिवाडकरांचा वडा. काचेआडच्या ओळखीच्या चिन्हांपाशी प्रवासी थांबतो, कारण ती सगळीकडे सारखीच असतात. त्या थांब्यामागच्या डोंगरावरून पाणी नळांतून उतरते आहे आणि त्याच पाण्याने त्याच्या शहराला पहिला मोठा वीजपुरवठा दिला, हे त्याला सांगणारी पाटी नाही. स्थानिक तरुणांनाही जलकन्येची चारही रूपे माहीत असतात आणि खोपोली केंद्राचे साल माहीत नसते. दोष त्यांचा नाही. एक गोष्ट सांगायला जाहिरातखाते आहे, दुसरी सांगायला कोणी नाही.

२३/
म्हणून बोधचिन्हांच्या इतिहासाचे काही नियम पाळावेत. प्रत्येक बदलाशी तारीख आणि व्यवहार जोडावा. कंपनीने सांगितलेली उत्पत्ती ही साधन म्हणून वाचावी, निष्कर्ष म्हणून नाही. काढलेल्या शब्दांची यादी करावी, कारण गाळलेला शब्द ठेवलेल्या चित्राइतकाच बोलतो. रेखाटणाऱ्याचे नाव लिहावे. आणि एखाद्या देशात नवा शब्द जोडला गेला असेल तर त्या शब्दाचा माग काढत त्याच्या गावापर्यंत जावे.

२४/
हे नियम लावले की चार वर्तुळांची पट्टी अपुरी ठरते. तिच्यात १९८७ चे खरेदीखत नाही, २०१२ ची भागीदारी नाही, खोपोलीचे पाणी नाही आणि सिद्धगडाचे रान नाही. कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांना या कामासाठी सिएटलला जावे लागणार नाही. कोंडाण्याचा लेख, भिवपुरीचे केंद्र, राजनाल्याचा कालवा आणि मानिवली गाव एकाच तालुक्यात आहेत. खोपोली शेजारच्या तालुक्यात आहे. त्यांची छायाचित्रे, साले आणि नावे एकत्र करून एक पट्टी तयार झाली, तर जलकन्येच्या पट्टीशेजारी ती ठेवावी. कोणत्या पट्टीत इतिहास अधिक आहे, हे मग वाचकाला सांगावे लागणार नाही.